जयवंती ओ देते

नंदू, तुझ्या घरात, तुझ्या आईसमोर, चटईवर बसलेल्या सगळ्या बायाबाप्यांच्या देखत मी मोठ्याने म्हणालो, "छे, हा पार मेलेला आहे. हलतच नाही."

डब्याबद्दल म्हणालो रे. तुझ्या त्या नेटच्या डब्याबद्दल. पण सुतकाच्या घरात असलं वाक्य बोलल्यावर 'डबा' हा शब्द मागाहून जोडून काही उपयोग होत नाही. तुझ्या चुलत्याची बशी ओठापर्यंत गेलेली तशीच राहिली. रूपाने मान खाली घातली. आणि तिच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आमच्या मंगलने, माझ्याकडे असं पाहिलं की लॅपटॉपचं झाकण लावताना आत माझंही तोंड घालायला जागा आहे का ते मी बघत होतो.

तू असतास तर पोट धरून हसला असतास. "साडूभाऊ, तुमाला बोलायला नाय, नुसतं बसायला बोलवायला पायजे," म्हणाला असतास.

तो लॅपटॉप मी आपणहून घेतला नव्हता. तू गेल्यापासून रूपाचा फोन वाजतच होता. समोरचा माणूस आधी "वाईट झालं हो वहिनी" म्हणायचा, थोडं थांबायचा आणि मग म्हणायचा, "ते नेटचं काय ते कुणाला सांगायचं?" केळव्याच्या घरगुती हॉटेलवाल्यांचे शनिवार-रविवारचे पाहुणे ओरडत होते. उमरोळीतला दुकानदार दिवसातून दोनदा फोन करत होता. बोईसरच्या एका इमारतीच्या गच्चीवरून खांबाखांबाने, माडामाडाने तू किनाऱ्यापर्यंत नेट नेलंस, पण कुठल्या माडावर काय बांधलंय हे तुझ्या डोक्यात. डोकं घेऊन तू निघून गेलास.

"भावोजी, तुम्हीच बघा ना. यांनी तुम्हाला शिकवलं होतं ना?" रूपा म्हणाली.

शिकवलं होतं, हे खरं. शिकलो होतो का, ते तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. कारखान्याच्या स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजून देणारा माणूस मी. चार लोकांत 'मला थोडंफार येतं' म्हणायची सवय मात्र जुनी.

दहाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी तुझ्या खोलीत गेलो. लॅपटॉप तुझ्या टेबलावर, झाकण लावलेला, वायर भिंतीला लावलेली, दुसरी वायर छपरावर गेलेली. तू ठेवला होतास तसाच. कुणी हात लावला नव्हता. तो उचलून सगळ्या वायरींसकट ओटीवर आणायला मला जमेना, म्हणून टेबलच सरकवत दारात आणलं. झाकण उघडलं. तुझा तो काळा पडदा. वर काही जुन्या ओळी आणि खाली एक पांढरा ठिपका, लुकलुकणारा. मला एकच नाव तोंडपाठ होतं, ते टाईप केलं: पिंग जयवंती. एन्टर दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. मग ते वाक्य बोललो.

नंदू, तुझ्या त्या काळ्या पडद्याची मला पहिल्यापासून थोडी भीतीच वाटायची. आमच्या ऑफिसचं नेट बंद पडलं की तुझ्याआधी दुरुस्तीला येणारी पोरं रंगीत चित्रांवर क्लिक करत बसायची, मशीन बंद करून चालू करायची आणि जायची. तू यायचास, चहा मागवायचास, आणि अंधारात कंदील न घेता चालणाऱ्या माणसासारखा त्या काळ्यात शिरायचास. "काय करतोयस?" विचारलं की म्हणायचास, "हाक मारतो. पिंग म्हणजे काय, हाकच. मी हाय, तू हायस का? त्याने ओ दिली की कळतं, वाट शाबूत हाय. किती वेळाने दिली त्यावरनं कळतं, तो किती लांब हाय नि किती दमलाय."

माझ्या मशीनवर मी ते करून पाहिलं. चार ओळी आल्या आणि थांबलं. "हे तर थांबलं," मी म्हणालो.

"तुमचं विंडोज. चार हाका मारून दमतं, सरकारी माणसासारखं. माझं नाय थांबत. मी थांब म्हणेपर्यंत हाक मारतं."

आणि त्या नावांचं तर काय सांगू? बाकीचे लोक डब्यांना आकडे देतात, फार तर इमारतीचं नाव. तू होड्यांची नावं दिलीस. तीही तुमच्या घिवलीच्या किनाऱ्यावर आता नसलेल्या होड्यांची. एक खडकाला लागून फुटलेली, एक म्हातारी होऊन जळणाला गेलेली, एक नुसतीच न परतलेली. मी विचारलं होतं, "अरे, चालू होड्यांची दे की." तू म्हणालास, "त्यांना हाय ना काम. ह्यांना नाय, म्हणून ह्यांना दिलं."

एकदा तू मला बोईसरहून केळव्यापर्यंत निरोप कुठून कुठून जातो ते दाखवलंस. एक आज्ञा दिलीस आणि पडद्यावर एकाखाली एक नावं उतरू लागली. सावकाश. प्रत्येक नावापुढे किती वेळ लागला तो आकडा. बुडालेला ताफा एकामागून एक बंदरात शिरावा तसं. भर दुपारी, ट्यूबलाइटखाली, माझ्या हातावर काटा आला. मधल्या एका ओळीत नाव नव्हतं, नुसते तीन तारे.

"हा मेला," मी म्हणालो. (तेव्हापासूनच माझी ही खोड आहे बघ.)

"मेला असता तर त्याच्या पुढचे कसे आले असते? तो वाटेवर हाय. आलेलं पुढे सोडतो. फक्त आपल्याला ओ देत नाय."

"का?"

"नाय बोलत कोणाशी. असतात असे," म्हणालास आणि बिस्किट चहात बुडवलंस. तू त्याला मुद्दाम गप्प राहायला सांगितलं होतंस की तो आपणहून गप्प होता, हे विचारायचं राहिलं.

जयवंती सगळ्यात शेवटची. जयवंती हे तुझ्या आईचं नाव आणि तुझ्या बाबांच्या होडीचंही. तू शाळेत असताना ते तिच्यावर गेले ते गेलेच. ना ते, ना होडी, ना एक फळकूट. या नावाचा डबा कुठे आहे ते तू कुणालाच सांगितलं नाहीस. रूपाला एवढंच आठवतं की एकदा एक छोटा सोलरचा पत्रा घेऊन तू खाडीपलीकडे गेलास आणि गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आलास. त्या डब्यावर कुणाचंच नेट चालत नाही. त्याला काम एकच, ओ द्यायची.

संध्याकाळी तू ओटीवर लॅपटॉप घेऊन बसायचास आणि आई शेजारी येऊन टेकायची. तिला इंग्रजी अक्षर येत नाही, पण स्वतःचं नाव तेवढं तू तिला ओळखायला शिकवलं होतंस. ओळीमागून ओळ खालून वर सरकायची आणि प्रत्येक ओळीत तिचं नाव. मी एकदा त्या वेळी आलो होतो. गंमत म्हणून विचारलं, "मावशी, काय दिसतं यात?"

"डबा हाय रे तो, मला काय कळत नाय?" ती म्हणाली. "पण हाक मारली नि कोण ओ देतं, ते बघायला बरं वाटतं."

भरती आली की ओळी थांबायच्या. ओहोटी लागली की पुन्हा सुरू. यावरून आपलं केळव्याला, सुरमई खाता खाता, केवढं भांडण झालं होतं आठवतं? मी म्हणत होतो, समुद्राच्या पाण्याचा आणि हवेतून जाणाऱ्या नेटचा संबंध काय, तुझी एखादी वायर ढिली असेल. तू म्हणत होतास, "दोन लहरी जातात. एक सरळ, एक पाण्याला लागून उडालेली. पाणी एका उंचीला आलं की दोघी एकाच वेळी पोचतात नि भांडतात, मग तिकडे काहीच पोचत नाय. आपल्या दोघांच्या बायका एका स्वयंपाकघरात असल्यासारखं." मी म्हणालो, सिद्ध करून दाखव. तू म्हणालास, "या एक दिवस. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसा." मी आलो नाही. म्हणजे आलो, पण तू नव्हतास.

त्या दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी नेमकं तेच झालं.

जेवणं आटोपली होती. मी ओटीच्या कडेला बसून, समोर काठ्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांकडे बघत, सकाळचं वाक्य सगळे विसरले असतील अशी आशा करत होतो. खाडीचं पाणी उतरलं होतं. आतून आईचा आवाज आला. रडण्याचा नाही. नेहमीचा, कुणी दारात आल्यावर असतो तसा.

"नंदू हाय."

आम्ही धावलो. तिने लॅपटॉपचं झाकण उघडलं होतं. काळ्या पडद्यावर ओळी धावत होत्या. एकाखाली एक, सेकंदाला एक, दम न घेता. जयवंती, जयवंती, जयवंती.

मंगलने माझा दंड घट्ट धरला. रूपा भिंतीला टेकली. तुझा चुलता म्हणाला, "वयनी, मशीन हाय ती. चालू ऱ्हायली असेल."

"मशीन ओ देते, ते माहीत हाय मला," आई म्हणाली. "ओ देणारी मशीन हाय. पण हाक कोण मारतंय? हाक मारल्याशिवाय ती ओ देत नाय. नंदूने सांगितलंय मला."

नंदू, तुझ्या आईचा प्रश्न बरोबर होता. झाकण लावलेलं, समोर माणूस नाही, आणि हाक मात्र जात होती.

"उद्या दहावा घालायचा नाय," ती म्हणाली. "हाक मारणाऱ्याचा दहावा घालतात का कुठे?"

चुलत्याने समजावलं. बामण ठरलाय, माणसं सांगितलीयत, असं अर्धवट ठेवलं तर पोराचीच वाट अडेल. ती हलली नाही. पदर खोचून टेबलापाशी बसली, जसा कुणी दवाखान्यात खाटेपाशी बसतो. तुझ्या बाबांचं क्रियाकर्म करता आलं नव्हतं तिला, किती वर्षं ती नुसतीच वाट बघत राहिली ते सगळ्या गावाला ठाऊक. आता तुझ्या बाबतीतही तेच सुरू होतंय, हे चुलत्याच्या तोंडावर दिसत होतं. रूपाच्या तोंडावर तर काही दिसतच नव्हतं, इतकी ती पांढरी पडली होती. तिला सासूसाठी रडायचं की सासूसारखी आशा धरायची, हे तिचं तिला कळत नव्हतं.

आणि मला एकट्याला उत्तर माहीत होतं. सकाळी मी टाईप केलं होतं. विंडोज असतं तर चारदा हाक मारून थांबलं असतं. हे तुझं. कुणी थांब म्हटलं नव्हतं, म्हणून चालू. सकाळी भरती होती म्हणून ओ नव्हती, आता ओहोटी म्हणून आहे. इतकं साधं. केळव्याचं भांडण तू जिंकलास, हेही त्याच क्षणी कळलं, आणि मान्य करायला तू समोर नव्हतास.

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. "मावशी," म्हणालो, "हाक मी मारलीय. सकाळी. मला वाटलं चाललंच नाही. थांबवायची राहून गेली."

तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. नंदू, मला आयुष्यात पुष्कळ लोकांनी पुष्कळ कारणांनी नापसंतीने बघितलंय, मंगलचं तर ते रोजचं काम आहे. पण असं कुणी बघितलं नव्हतं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सावकाश उतरलं, पाणी उतरतं तसं, आणि खालचा चिखल दिसला.

"तू मारली व्हय," ती म्हणाली. "बरं."

मग थोड्या वेळाने, "बंद करतोस?"

मी हात पुढे केला. तिने मनगट धरलं. "आता नाय. ती बोलतेय ना. बोलणाऱ्याला मधेच तोडू नये. पाणी भरलं की आपणहून गप होईल, तवा कर."

मग आम्ही बसलो. आई, रूपा, मंगल, मी. चुलता उंबऱ्यात. संध्याकाळपर्यंत. मधून कुणीतरी पाणी आणून दिलं. खाडीत पाणी चढू लागलं तसं बाहेर न बघताही आम्हाला कळत होतं. ओळींपुढचा वेळ वाढायला लागला. मग एखादी ओळ चुकायला लागली. मग दोन. एक आली की सगळे पुढे वाकायचे, न आली की तसेच राहायचे. मी माझ्या वडिलांपाशी शेवटी असाच बसलो होतो, श्वासामधलं अंतर मोजत. पुढची येईल असं वाटतं, आणि येतेही, म्हणून उठता येत नाही.

तू मला म्हणाला होतास ना, सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसा. बसलो बघ.

शेवटची एक ओळ आली. त्यानंतर नुसता ठिपका, लुकलुकणारा. आई थांबली. मग म्हणाली, "आता."

हाक थांबवायला तू एका हाताने कप उचलताना डाव्या हाताची दोन बोटं कीबोर्डच्या कोपऱ्यात कशी दाबायचास ते मला आठवत होतं. तशीच दाबली. थांबलं. आणि खाली तुझ्या मशीनने हिशेब लिहिला, ती थांबवलं की लिहिते तसा. किती हाका मारल्या, कितींना ओ आली, किती वाया गेल्या.

"काय लिवलंय?" आईने विचारलं.

"किती हाका वाया गेल्या ते आहे, मावशी. निम्म्या गेल्या."

"म्हणजे निम्म्यांना आली." तिने पदराने पडदा पुसला, डोळे नाही. "लय झालं." मग चुलत्याकडे वळून म्हणाली, "सांगा बामणाला. उद्या करू."

रूपा तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने रडली.

मी मात्र त्या हिशेबाकडे बघत राहिलो. कारण निम्म्याच्या आधी जो आकडा होता, तो मी वाचून दाखवला नव्हता. नंदू, मी स्टोअरचा माणूस आहे. मला दुसरं काही येत नाही, पण ढिगाकडे बघून माल किती आहे याचा अंदाज येतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सेकंदाला एक हाक, म्हणजे फार तर चाळीस हजार. तिथे सहा आकडी संख्या होती. लाखांत. तेवढ्या हाका मारायला दिवसाचा एक तुकडा पुरत नाही. आठवडा लागतो.

मी पडद्यावर मागे मागे गेलो. आणि माझी सकाळची ओळ सापडली. 'पिंग जयवंती', एका कडेला, कुणी चालत्या गाडीवर खडूने नाव लिहावं तशी. मशीनने ती वाचलीच नव्हती. वाचायला मशीन मोकळी नव्हतीच. ती आधीपासून हाक मारत होती. मी तो लुकलुकणारा ठिपका बघून समजलो की ती माझी वाट बघतेय. ती जयवंतीची वाट बघत होती. भरती होती म्हणून गप्प होती, एवढंच.

गेलास त्या दिवशी तू हाक लावलीस, झाकण लावलंस, उशाला हात घेऊन जरा पडलास, आणि उठला नाहीस. तिला थांब म्हणायला कुणी आलं नाही. तुला नेलं, परत येऊन आम्ही आंघोळी केल्या, रूपाने कुंकू पुसलं, माणसं आली, माणसं गेली, आणि त्या बंद खोलीत तू सेकंदाला एकदा विचारत होतास, मी हाय, तू हायस का? आणि रोज ओहोटीला कुणीतरी खाडीपलीकडून सांगत होतं, हाय.

मी झाकण लावलं. कुणाला काही बोललो नाही. काय बोलणार? आत्ताच सगळं शांत झालं होतं.

परत येताना स्कूटरवर मंगल मागे बसली होती. बोईसरचा रस्ता, समोरून कामगारांच्या बसेस, तिला ऐकू जावं म्हणून मी जवळजवळ ओरडतच सगळं सांगितलं. आकडा सांगितला, माझी ती ओळ सांगितली. म्हणालो, "जाऊ दे ना. आता सांगून काय करायचंय? ऐकलं तर उद्या पुन्हा अडून बसेल म्हातारी."

 मला वाटलं मंगलला वाऱ्यात ऐकू गेलं नाही. मग तिने माझ्या खांद्यावर थापटून स्कूटर बाजूला घ्यायला लावली, खाली उतरली, समोर येऊन उभी राहिली.

"ती अडून बसणार नाही," ती म्हणाली. "तिने स्वतः थांबवायला सांगितलंय. पण कुणाची हाक थांबवली ते तिला कळायला नको? पोराची शेवटची हाक होती अहो ती, आणि तुम्ही ती तुमच्या नावावर लावून आलात. वळवा गाडी. तिची आहे, तिला देऊन येऊ."